बाहेरची दाणेदार भिंत धुवायची कशी? ॲसिड, गाडी धुण्याची गन आणि तिसरा मार्ग

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. परभणीत वसमत रोडला तुमचं सात वर्षांपूर्वी बांधलेलं दुमजली घर आहे. समोरच्या भिंतीला सँडफेस गिलावा आणि त्यावर फिकट पिवळा ॲक्रिलिक रंग, गॅलरीच्या बाजूला रोलरचं टेक्श्चर, मागच्या भिंतीला नुसता सिमेंट पेंट. कठड्याखालून काळे ओघळ उतरलेत, टाकीच्या बाजूला हिरवट-काळा पट्टा आलाय, खाली जोत्याजवळ पांढरी भुकटी फुटतेय आणि धूळ तर सगळीकडंच. सासरे म्हणतात ॲसिडचा हात मारा. तुमचे मिस्टर गाडी धुण्याची गन भाड्यानं आणायच्या तयारीत आहेत. रंगारी म्हणतो धुण्याची भानगडच नको, वरून दोन कोट मारून देतो. दिवाळीच्या आत भिंत स्वच्छ व्हायला हवी, पण गिलाव्याला धक्का लागता कामा नये, असं तुमचं म्हणणं.

मी लातूर, परभणी, नांदेड या पट्ट्यात बाहेरच्या रंगाची आणि गिलाव्याच्या दुरुस्तीची कामं घेतो. हा प्रश्न दरवर्षी नवरात्राच्या आसपास सुरू होतो आणि बहुतेक वेळा असाच येतो: कोणतं लिक्विड मारू? खरी अडचण लिक्विडची नसते. तुमच्या घराला तीन वेगवेगळ्या प्रकारच्या भिंती आहेत आणि त्यांच्यावर चार वेगवेगळ्या प्रकारचा मळ आहे. धूळ, शेवाळ, पाण्याचे ओघळ आणि खार. चौघांना एकच औषध लागू पडत नाही, आणि एका भिंतीला जे चालतं ते दुसरीची कातडी सोलतं.

आधी ही भिंत इतकी मळते का ते बघू. सँडफेस करताना गवंडी साधारण 15 मिलिमीटरचा पहिला थर देतो, तो खरबडून ठेवतो आणि त्यावर 6 ते 8 मिलिमीटरचा दुसरा थर देऊन स्पंजनं दाणा काढतो. तो दाणा म्हणजे अर्धा सिमेंटमध्ये रुतलेला आणि अर्धा बाहेर आलेला वाळूचा कण. गुळगुळीत भिंतीवरची धूळ वाऱ्यानं आणि पावसानं बरीचशी उतरते. इथं प्रत्येक दाण्याच्या वरच्या अंगाला धूळ बसते, खालच्या अंगाला ओल टिकते. धूळ आणि ओल एकत्र आली की शेवाळाला आणखी काही लागत नाही. म्हणून मळ वर दिसत असला तरी खरा खाचांमध्ये असतो, आणि खाचांतला मळ काढायला जोर लावला तर मळाच्या आधी दाणा सुटतो. सगळा घोळ इथंच होतो.

आता गनचं गणित बघा. तुमच्या टाकीपासून नळ 10 मीटर खाली असेल तर त्या नळाला साधारण 1 बार दाब मिळतो. घरगुती वापराची गाडी धुण्याची छोटी मशिनंसुद्धा 100 बारच्या घरात दाब देतात. पार्किंगच्या काँक्रीटला, फरशीला, ट्रॅक्टरच्या चाकाला ते ठीक आहे. सँडफेसवर ती गन जवळून फिरवली की भिंत एकदम लख्ख दिसते, घरातले खूश होतात. दुसऱ्या दिवशी खाली ओट्यावर वाळूचा थर दिसतो. ती वाळू तुमच्या गिलाव्याची. वर आणखी एक गोष्ट होते, जी लगेच दिसत नाही. बारीक चिरांमधून पाणी दाबानं आत घुसतं आणि महिनाभरानं आतल्या खोलीच्या भिंतीवर डाग येतो किंवा टेक्श्चर फुगून पापुद्रा सुटतो.

आपल्याकडं या चिरांचा प्रश्न जरा जास्तच आहे. काळ्या मातीत पाया असला की पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि घर त्यासोबत किंचित हलतं. पाया नीट नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा निघतातच. केसाएवढी चीर पावसाचं पाणी फारसं घेत नाही, पण गनचं घेते. लातूर-धाराशिवकडच्या वाचणाऱ्यांना वेगळं सांगतो: 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाच्या आधीची भिंत असेल आणि नंतर चिरा नुसत्या बुजवून रंग दिलेला असेल, तर गनचा विचारही करू नका.

पण सगळी भिंत एकसारखी नसते, म्हणून धुण्याआधी तिला चार गोष्टी विचारून घ्या. कोरड्या भिंतीवर तळहात घासा. हाताला रंगाची भुकटी लागली तर रंग मेलेला आहे. तो धुताना उतरणारच, त्यामुळं स्वच्छ झाल्यावर भिंत ठिगळासारखी दिसेल आणि रंग द्यावाच लागेल. मागच्या सिमेंट पेंटचं बहुधा असंच असणार. मग बोटाच्या गाठीनं किंवा लाकडी दांड्यानं हलकं ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर गिलाव्यानं आतून विटेला सोडलंय. तिथं खडूनं गोल करा आणि तेवढा भाग धुऊ नका, आधी गवंड्याला दाखवा. तिसरं, पाण्याचे चार थेंब मारा. भिंत लगेच पाणी पिऊन काळपट झाली तर ती तहानलेली आहे, रसायन आत ओढून घेईल, म्हणून आधी साध्या पाण्यानं भिजवून घ्यावी लागेल. थेंब घरंगळले तर रंगाचा पडदा अजून शाबूत आहे आणि तुमचं काम बरंच सोपं आहे. चौथं, टेक्श्चरच्या भिंतीवर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीसोबत रंग आला तर त्या बाजूला ब्रशसुद्धा लावायचा नाही, नुसतं फवारायचं आणि पाण्यानं उतरवायचं.

आता मूळ दुखणं. काळे ओघळ कठड्याखालूनच का उतरलेत? कठड्यावरच्या कोपिंगला, म्हणजे कठड्याच्या माथ्यावर बसवलेल्या पट्टीला, खालच्या बाजूनं पाण्याची खाच मारलेली नसेल. ती खाच असली की पावसाचं पाणी भिंत सोडून खाली टपकतं. नसली की कोपिंगवरची धूळ सोबत घेऊन भिंतीवरून ओघळतं. खिडक्यांच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून मिशा उतरल्यासारखे डाग असतात, त्याचंही कारण तेच. टाकीजवळचा पट्टा तर मला फोटो न बघता ओळखू येतो: ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीला टेकून सोडलाय. मोटार बंद करायला विसरलं की पाणी भिंतीवरून. आपल्याकडं नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येतं, आलं की सगळे टाक्या तुडुंब भरतात, त्यामुळं हा पट्टा दर गल्लीत सापडतो. पाइपाला एल्बो लावून फूटभर बाहेर काढा. कोपिंगची खाच गवंडी कटरनं मारून देईल, नाहीतर कडेला ॲल्युमिनियमची पट्टी बसवता येते. ही दोन कामं न करता भिंत धुतली तर पुढच्या गणपतीपर्यंत ओघळ परत जागेवर.

वेळेबद्दल. तुम्ही दिवाळीआधी म्हणता ते योग्यच आहे, मी तर दसऱ्याच्या आधीच म्हणेन. पाऊस नुकताच उघडलेला असतो, शेवाळ अजून मऊ असतं, विहिरी-बोअरला पाणी असतं आणि भिंत दोन दिवसांत वाळते. एप्रिल-मेमध्ये हे काम काढू नका. परभणीचं ऊन भिंतीवर पडलं की भिंत तव्यासारखी तापते, फवारलेलं औषध मुरायच्या आत वाळतं आणि तिथंच त्याचा डाग बसतो. ऑक्टोबर हीटमध्येसुद्धा सावली बघून चालायचं: पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर.

पाणी किती लागेल हे कुणी विचारत नाही, पण आपल्या भागात आधी विचारायला हवं. बागेचा पाइप मोकळा सोडला की मिनिटाला 15-20 लिटर सहज जातात, म्हणजे तासाभरात हजार लिटरची टाकी रिकामी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस बघितलेल्या माणसाचा हात अजूनही मोकळा पाइप बघून आखडतो. चांगली गोष्ट अशी की हे काम कमी पाण्यात जास्त चांगलं होतं. आपल्याकडं घरोघरी माहीत असलेला पाठीवरचा 16 लिटरचा फवारणीचा पंप यासाठी उत्तम. दाब बेताचा, थेंब बारीक, खाचांत बरोबर जातो. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो: शेतातला पंप उचलून आणू नका. त्यात तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा अंश असतो, आणि त्यावर शेवाळासाठी पुढं सांगितलेलं क्लोरीनचं औषध पडलं तर काय वायू निघेल याचा भरवसा नाही. नवा प्लॅस्टिकचा पंप घ्या, त्यावर मार्करनं 'भिंत' लिहा आणि तो परत शेतात जाऊ देऊ नका. डाळिंबवाल्यांचा जास्त दाबाचा एचटीपी पंप तर नकोच, तो गनचाच भाऊ.

आता प्रत्यक्ष काम. पहिला दिवस पूर्ण कोरडा. याच दिवशी सगळ्यांची घाई होते आणि इथंच निम्मं काम बिघडतं. भिंतीवरची बरीच धूळ आणि जोत्याजवळचे चिखलाचे शिंतोडे काळ्या मातीचे असतात. ही माती ओली झाली की फुगून चिकट होते आणि दाण्यांच्या मधल्या खाचांत लिंपल्यासारखी बसते. कोरडी असताना तीच माती नुसत्या झटकण्यानं पडते. म्हणून शिंदीचा मऊ फडा घ्या (लक्ष्मीपूजनाचा नवा फडा नको, नाहीतर सासूबाई मला बोल लावतील), वरून खाली हलक्या हातानं झटकत या. घासायचं नाही. भिंतीवर कुंभारीण माशीची मातीची घरटी असतील तर तीही याच दिवशी. वाळलेलं घरटं प्लॅस्टिकच्या पट्टीनं कडेनं उचकटलं की ढेकळासारखं अख्खं निघतं. ओलं केलं की तोच चिखल टेक्श्चरमध्ये पसरतो आणि मग तासभर त्याच्याशी झटापट. कोळ्याची जाळी, सुगरणीसारखे लोंबणारे कचऱ्याचे पुंजके, सगळं कोरडं काढा.

कबुतरांची विष्ठा हा एकच मळ याला अपवाद. ती कोरडी खरवडली की त्याची धूळ छातीत जाते आणि तिच्यातून फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. तिथं आधी पाणी फवारून ओली करा, तोंडाला नीट बसणारा मास्क लावा, मग खरवडा.

जोत्याजवळची पांढरी भुकटी म्हणजे खार फुटलाय, काही जण लोणा लागला म्हणतात. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, सोबत क्षार आणते, पाणी उडून जातं आणि क्षार बाहेर राहतो. याला पाणी लावलं की भुकटी विरघळून परत आत जाते आणि आठवड्यानं हसत बाहेर येते. म्हणून तीही कोरडीच, नायलॉनच्या मऊ ब्रशनं झटकायची आणि खाली जुनी चादर अंथरून ती भुकटी गोळा करून बाहेर टाकायची. भिंतीच्या पायाशी पडू दिली तर पुढच्या पावसात तीच परत वर चढेल. बाहेरच्या मातीची पातळी जोत्याच्या वर आलीय का, भिंतीला लागून कुंड्या किंवा वाफा आहे का, न्हाणीघराचा पाइप गळतोय का, हे बघा. वाफा असेल तर फूटभर मागं सरकवा. ही ओल थांबेपर्यंत खालच्या तीन फुटांत नवा रंग टिकणार नाही, कितीही महागाचा आणा.

दुसऱ्या दिवशी ओलं काम. तुळस, कढीपत्ता, जास्वंद जे काही भिंतीजवळ असेल ते आधी पाण्यानं भिजवून प्लॅस्टिकनं झाका. मीटरचा डबा, बाहेरची बटणं, एसीचं बाहेरचं युनिट, कॅमेरा यांना पिशव्या बांधा आणि त्या बाजूचा मेन बंद ठेवा. मग एखादा फूटभर चौकोन मागच्या बाजूला, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, ठरवलेल्या सगळ्या पद्धतीनं धुऊन बघा आणि दुसऱ्या दिवशी, पूर्ण वाळल्यावर, त्याकडं बघून निर्णय घ्या. ओली भिंत सगळ्यांनाच स्वच्छ वाटते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हा हिशेब तुमच्याच गावाच्या नावानं चालतो खरा, पण भिंतीला तो लावू नका.

ज्या भिंतीवर नुसती धूळ आहे तिथं बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे भांडी घासायचं लिक्विड पुरतं. धुण्याचा सोडा किंवा कपड्याची कडक पावडर नको. सोड्याचा पांढरा थर दाण्यांत राहतो. आधी साधं पाणी फवारून भिंत भिजवा. मग साबणाचं पाणी खालून वर फवारत जा. हे उलट वाटतं, पण वरून सुरू केलं तर औषधाचे ओघळ खालच्या कोरड्या, मळक्या भिंतीवर उतरतात आणि त्यांच्या रेघा वाळून बसतात. त्या मग निघत नाहीत. पाच-दहा मिनिटं मुरू द्या. लांब दांड्याचा मऊ नायलॉनचा ब्रश गोल-गोल, हाताच्या वजनाएवढ्याच दाबानं फिरवा. मग धुताना मात्र वरून खाली. एका वेळी पाच-सहा फूट रुंदीचाच पट्टा घ्या आणि तो पूर्ण करूनच पुढं सरका, म्हणजे काहीच अर्धवट वाळत नाही.

तारेचा ब्रश घरात असेल तर तो लपवून ठेवा. दाणा तर जातोच, शिवाय तारेचे बारीक तुकडे खाचांत अडकतात आणि पहिल्या पावसात प्रत्येक तुकड्याचा तांबडा ठिपका होतो. मी नांदेडला एका बंगल्याची अशी भिंत बघितली आहे, गोवर उठल्यासारखी. मालकाला वाटत होतं सिमेंट खराब आलं.

हिरवा-काळा पट्टा साबणानं जाणार नाही, कारण ती धूळ नाही, जिवंत गोष्ट आहे. पावसाळ्यात हिरवं दिसणारं शेवाळ उन्हाळ्यात वाळून काळं पडतं, म्हणून लोक त्याला धूर किंवा डांबर समजतात. ओळखायची युक्ती सोपी: कापसाच्या बोळ्यावर जरा ब्लीच घेऊन डागावर टेकवा. पाच मिनिटांत फिका पडला तर शेवाळ किंवा बुरशी. तसाच राहिला तर धूळ किंवा काजळी. शेवाळाला क्लोरीन लागतं. दुकानात मिळणारं हायपोचं (सोडियम हायपोक्लोराइटचं) द्रावण बहुधा 10 ते 12 टक्क्यांचं असतं; ते एक भाग आणि पाणी नऊ-दहा भाग घेतलं की साधारण 1 टक्क्याचं होतं. घरगुती ब्लीच 4-5 टक्क्यांचं असेल तर एकास चार. तुमचा पिवळा रंग आहे, म्हणून आधी याच्या निम्म्या ताकदीनं चौकोन करून बघा; ब्लीचनं काही रंग फिके पडतात.

ग्रामपंचायत आडात टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर मिळाली तर तीही चालते. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, त्यामुळं लिटरला 30 ग्रॅम घेतलं की तेवढीच ताकद मिळते. पण ती बादलीत कालवून अर्धा तास स्थिर ठेवा आणि वरचं निवळ पाणी तेवढं गाळून पंपात घ्या. खालचा गाळ म्हणजे चुना. तो नोझल तर बंद करतोच, भिंतीवर पांढरे डागही पाडतो. पोत्यात वर्षभर पडून राहिलेली, ओल लागून ढेकळं झालेली पावडर घेऊ नका, तिच्यातला दम गेलेला असतो. हायपोचंही तसंच, आपल्या उन्हाळ्यात कॅन महिनोन्‌महिने ठेवला की आत नुसतं खारं पाणी उरतं.

फवारल्यावर 10 ते 15 मिनिटं थांबा, वाळायला लागलं तर पुन्हा हलकी फवारणी करा. पट्टा डोळ्यांदेखत फिका पडतो. मग मऊ ब्रश आणि भरपूर पाणी. इथं मात्र पाण्याची काटकसर नको, कारण क्लोरीनचा अंश राहिला तर खिडकीच्या ग्रिलला गंज धरतो. जाड शेवाळ असेल तर एकाच दिवशी जास्त कडक औषध करण्यापेक्षा दोन दिवसांनी दुसरा हात द्या. चष्मा, रबरी हातमोजे, जुने कपडे, आणि लहान मुलं घरात. पंप लगेच साध्या पाण्यानं दोनदा चालवून धुऊन टाका.

आता सासऱ्यांचं ॲसिड. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या काळात फरशीवरचे सिमेंटचे डाग त्यानंच निघायचे. पण ते निघायचे याचा अर्थच असा की ॲसिड सिमेंट खातं. तुमच्या भिंतीत वाळूचा दाणा धरून ठेवणारी गोष्ट सिमेंटच आहे. ॲसिड मारल्यावर जो फेस येतो तो मळाचा नसतो, भिंतीचा असतो. शिवाय त्यातले क्लोराइड चिरांतून आत सळईपर्यंत गेले तर गंज आतून सुरू होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्लोरीनच्या औषधाच्या आगेमागे ॲसिड वापरलं तर विषारी वायू सुटतो. संडास साफ करायच्या लिक्विडमध्येही ॲसिडच असतं, तेही याच्यासोबत नको. दोन बाटल्या एकाच बादलीत ओतायची सवय आपल्याकडं फार.

ग्रिलखालचे तांबडे गंजाचे ओघळ राहिले. खरं सांगायचं तर दाणेदार भिंतीत मुरलेला गंज पूर्ण निघत नाही. आधी ग्रिल घासून प्रायमर मारा म्हणजे नवा ओघळ थांबेल, जुना रंगाखाली जाऊ द्या. त्याच्यामागं लागून भिंतीला खड्डा पाडू नका.

शेवटच्या धुण्याच्या पाण्याबद्दल एक बारीकशी गोष्ट, जी तुमच्याकडं फार लागू पडेल. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे बादलीला पांढरी कड धरत असेल, तर तेच पाणी भिंतीवर वाळून पांढुरके ढग उमटतात आणि लोकांना वाटतं औषध निघालं नाही. बाकी काम बोअरच्या पाण्यावर करा, पण शेवटची फवारणी नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची द्या. एक-दोन पंप पुरतात.

पहिल्या मजल्याच्या वरचं काम स्वतः करू नका. ओल्या फरशीवर शिडी घसरते आणि एका हातात ब्रश असलेला माणूस सावरू शकत नाही. परांची बांधणारे लोक घ्या. गॅलरीच्या जवळून विजेची तार जात असेल तर तिकडं पाणी उडवायचंही नाही आणि ॲल्युमिनियमचा लांब दांडाही न्यायचा नाही; महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या, नाहीतर तो कोपरा मळका राहू द्या.

ज्यांची जुनी दगडी घरं आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण कुणीतरी विचारणारच. काळ्या दगडाच्या दरजांमध्ये माती किंवा चुना असेल, वर माळवद असेल, तर यातलं ओलं काम जवळजवळ काहीच लागू नाही. दगडाला काही होणार नाही, पण दरजेतली माती वाहून जाईल आणि दगड सुटा होईल. तिथं कोरडा ब्रश आणि फार तर ओलं फडकं. पांढऱ्या मातीच्या भिंती तर धुवायच्याच नसतात, त्या सारवायच्या असतात.

आता तुमच्या रंगाऱ्याचं. रंग द्यावा लागेल हे त्याचं म्हणणं निदान मागच्या भिंतीपुरतं बरोबर निघेल. पण शेवाळावर रंग मारला तर रंग भिंतीला न धरता शेवाळाला धरतो, आणि शेवाळ सुटलं की रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन पडतं. धुतल्यानंतर किमान तीन दिवस कडक ऊन लागू द्या, टाकीच्या बाजूला आठवडाभर. सकाळी तिथं प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी आतून घाम आलेला दिसला तर अजून थांबायचं. चिरा भरायच्या त्या याच मधल्या दिवसांत. समोरचा पिवळा रंग मात्र, तुम्ही फोटोत दाखवलाय तसा असेल, तर धुतल्यावर अजून दोन-तीन वर्षं जाईल असं मला वाटतं. तळहात घासून बघा, भुकटी आली नाही तर रंगाऱ्याला समोरच्या भिंतीचे पैसे मोजू नका आणि ते कोपिंगच्या खाचेवर घाला.